पडद्याला ठिगळ: आतून लावायचं की वरून?

ऑपरेशनच्या आधीच्या पंधरा दिवसांत आमच्या फॅमिली ग्रुपवर जेवढे डॉक्टर तयार झाले तेवढे मेडिकलच्या एका बॅचमधून पण निघत नसतील. पोरगी १३ वर्षांची, आठवीत, उजव्या कानाच्या पडद्याला छिद्र, आणि ज्याला त्याला एकच विचारायचं, कशाने करून राहिले, दुर्बिणीने का लेझरने? अमरावतीच्या एका भावाने तर सरळ लिहिलं, टाक्याचं करूच नका, आता टाक्याचं कोणी करत नाही. मी पण महिनाभर ह्याच्यातच अडकून होती, रात्री मोबाईलवर ऑपरेशनचे व्हिडिओ पाहायचे आणि मग झोप उडायची. आता सगळं होऊन पाच महिने झाले तर लिहून काढते, कारण दुकानात ब्लाऊज टाकायला येणाऱ्या तीन बायांनी आतापर्यंत विचारलं आहे की ताई, नेमकं काय केलं, आमच्याही पोराचा कान वाहते.

दुकान म्हणजे काय, नागपुरात सक्करदऱ्याकडे घर आहे, पुढच्या खोलीत दोन मशिनी, फॉल-पिको, ब्लाऊज, अल्टर आणि कोणी आणलं तर रफू. हे आधीच सांगून ठेवते कारण पुढे मी सगळं कपड्याच्या भाषेत सांगणार आहे, मला ते तसंच समजलं.

कान पहिलीपासून वाहायचा. पोळ्याच्या आसपास सर्दी झाली की तीन दिवसांत उशीवर डाग. सासूबाई लसूण टाकून तेल गरम करायच्या आणि कोमट करून दोन थेंब सोडायच्या, त्यांच्या चारही लेकरांना त्यांनी तेच केलं, त्यामुळे मी काही बोलायची नाही. आता माहीत आहे की पडद्याला छिद्र असताना तेल सरळ आत मधल्या कानात उतरते आणि वरून बुरशीला ओलावा मिळते तो वेगळाच. पण सासूबाईंना काय दोष द्यायचा, ज्या दवाखान्यात आम्ही पाच-सहा वर्षं जात होतो तिथे तरी काय, पाच दिवसांचे थेंब, एक सिरप, आणि मोठी झाली की बंद होईल बरं का. कानात बॅटरी मारून पाहिल्याचं मला एकदाच आठवते. वाहणं थांबलं की आम्ही पण विसरून जायचो.

लक्षात आलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. पोरगी झोपताना नेहमी डावा कान उशीत दाबून झोपायची. मी रात्री अकरा-साडेअकरापर्यंत मशीन चालवते, लग्नसराईत तर एक वाजते, पायमशीन आहे, खटखट करते, आणि ही त्याच खोलीत गाढ. आम्ही कौतुकानं सांगायचो की हिची झोप पहा, ढोल वाजवा, उठत नाही. खरं म्हणजे तिनं चांगला कान बंद करून ठेवलेला असायचा. शाळेतून तक्रार की लक्ष नसते, घरात हाक मारली तर उत्तर नाही, आम्हाला वाटे आगाऊ झाली, वयच तसं आहे. एकदा तर मी हात पण उचलला होता. ते जाऊ द्या.

मग धंतोलीतल्या एका डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी कानात बारीक दुर्बीण घातली आणि समोरच्या टीव्हीवर पडदा दिसला, मी पहिल्यांदाच पाहत होती. शर्टाच्या बटणाएवढा गोल, मोतिया-करडा, अर्धपारदर्शक, मधोमध हातोडीच्या हाडाचा दांडा वरून खाली आलेला, आणि दांड्याच्या पुढे खालच्या बाजूला छिद्र. एखाद्या जॉर्जेटला अगरबत्तीचा चटका लागला की कसं होते, गोल, आणि कडा जाड झालेल्या, अगदी तसं. छिद्रातून आतलं गुलाबी ओलं अस्तर दिसत होतं. जाडी किती असते विचारलं तर म्हणाल्या मिलिमीटरचा दहावा भाग, आणि तेवढ्यात पण तीन थर, बाहेरून कातडी, मधे धाग्यांचा थर, आतून तोंडाच्या आतल्यासारखी ओली त्वचा. जुन्या छिद्रावर निसर्ग स्वतःच रफू करायला जाते पण मधला धाग्यांचा थर पुरत नाही, बाहेरची कातडी कडेवरून आत वळते, आतल्याशी जुळते आणि कड पक्की होऊन जाते. म्हणजे कोणीतरी काठाला पिको करून ठेवल्यासारखं. पिको झालं की कापड पुढे उसवत नाही पण भोकही बुजत नाही. हे ऐकलं आणि मला सगळं एकदम कळलं, नाहीतर कधीची विचारत होती की बोटाची जखम भरते मग हे काहून नाही भरत.

छिद्र मधल्या भागात आहे हे चांगलं, असं त्या म्हणाल्या. काठाला नाहीतर वरच्या सैल भागात खड्डा असेल, त्यातून घाण वासाचं पाणी येत असेल, तर आत कातडी वाढत जाऊन हाडं खाते, त्याला कोलेस्टिएटोमा म्हणतात, आणि मग निव्वळ पडदा लावून भागत नाही, कानामागचं हाड पण साफ करावं लागते. आमचं ते नव्हतं. देव पावला म्हणते मी, पण देवापेक्षा आधी नीट बघणारं माणूस पावलं पाहिजे.

मग त्यांनी चिमट्यासारखा एक काटा वाजवला, ट्युनिंग फोर्क, ५१२ चा, आणि कपाळावर मधोमध टेकवला. विचारलं कोणत्या कानात वाजते? पोरीनं उजवा दाखवला, खराब कान! मी म्हटलं ही चुकली. मॅडम हसल्या, बरोबर आहे म्हणाल्या, आवाज हाडातून जाऊन राहिला आणि बाहेरचा गोंधळ त्या कानात कमी पोचते म्हणून तिथंच मोठा वाटते, आतली नस चांगली असल्याची खूण आहे ही. नंतर आवाजाच्या खोलीत हेडफोन लावून तपासणी झाली. आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी. डावा कान १० डेसिबल, उजवा ३८. पण कानामागच्या हाडावर यंत्र ठेवून उजव्याचंच मोजलं तर ८. ह्या दोन आकड्यांमधलं जे अंतर आहे ना, हवेतून ३८ आणि हाडातून ८, तेच भरून काढायचं असते ऑपरेशनने. नस गेली असती तर दोन्ही आकडे वाढले असते आणि मग कितीही सुंदर ठिगळ लावा, उपयोग नाही. तुमच्या पोराचा रिपोर्ट हातात आला तर आधी हे अंतर पहा. ही तपासणी इथल्या सरकारी दवाखान्यांत, मेडिकलला, मेयोला पण होते, त्यासाठी महागडं काही शोधायची गरज नाही.

मला वाटलं आता तारीख देतील. कुठलं काय! तारखेच्या आधी मॅडमनी नाकात दुर्बीण घातली. मी म्हटलं अहो कानाचं आहे. त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला चित्र काढलं, नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक नळी जाते, युस्टेशियन ट्यूब, आपण गिळलं की उघडते आणि आत हवा जाते. लहान लेकरांत ती आखूड आणि आडवी असते म्हणून नाकातली घाण पटकन कानात चढते, वय वाढते तशी ती लांब आणि तिरपी होत जाते. नळी काम करत नसेल तर आतली हवा शोषली जाते आणि नवा पडदा आत ओढला जातो, पुन्हा फाटते नाहीतर हाडाला चिकटते. मग नळी काम करते की नाही हे कसं कळायचं? त्याचं उत्तर मला फार आवडलं. म्हणाल्या दुसरा कान पहायचा. दोन्ही कानांचं नाक एकच. डावा पडदा छान मोतिया, जागेवर, आत ओढलेला नाही, म्हणजे नळी बरी असावी.

पण नाकात ॲलर्जी निघाली. आतून फिकट, सुजलेलं. ॲडेनॉइड या वयात आपोआप लहान होत जाते, हिचं पण झालेलं होतं, तेवढं बरं. मग विचारपूस, धूळ, मांजर, उदबत्ती, आणि कूलर. आता नागपुरात कूलर नाही लावला तर माणूस मे महिना काढेल का! पण आमच्या कूलरच्या वुडवुलच्या जाळ्या तीन उन्हाळे बदललेल्या नव्हत्या, हे मी कबूल केलं, आणि पोरगी बरोबर त्याच्या तोंडाशी झोपायची. जाळ्या बदलल्या, झोपायची जागा बदलली, नाकाचा स्प्रे सुरू झाला. स्प्रे मारायची पण पद्धत आहे बरं का, नळीचं टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे. आणि आंघोळीला कापसाला व्हॅसलिन लावून कानात बोळा, पोहणं बंद, तेल बंद. सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला.

पावसाळा असाच काढला. एकदा वाहिला, थेंब टाकले, सुकला, मग पुढे दीड महिना कोरडा राहिला तेव्हा कुठे दिवाळीच्या सुट्टीतली तारीख मिळाली. मधल्या काळात एका ओळखीच्यांनी घाबरवून सोडलं की मुलींचं अठरा वर्षांनंतरच करतात. मॅडमना विचारलं. म्हणाल्या वाद आहे तो सहा-सात वर्षांच्या लेकरांबद्दल, त्यांना सर्दी सारखी होते आणि नळी कच्ची असते म्हणून बरेच जण थांबतात. तेराव्या वर्षी कान कोरडा, दुसरा कान चांगला, नाक ताब्यात, तर अजून पाच वर्षं थांबून मिळवायचं काय? उलट दर वेळी पिकला की आतल्या तीन हाडांच्या साखळीतलं मधलं, ऐरणीचं हाड झिजायची भीती, त्याचं खालचं लांब टोक सगळ्यात आधी जाते. आणि शाळेची वर्षं अर्ध्या कानाने काढायची ते वेगळंच.

आता येते ती गोष्ट ज्यावर ग्रुपमध्ये मारामारी होती.

ठिगळ कशाचं? जुना आणि अजूनही खूप चालणारा प्रकार म्हणजे कानाच्या वर कनपटीचा स्नायू असते, चावताना हलते तो, त्याच्यावर एक पातळ पांढरी झिल्ली असते, फॅशिया. ती काढायची, पसरवून वाळवायची, वाळली की कागदासारखी कडक होते, मापाने कापायची. मऊ, पातळ, हलकी, मलमलच समजा. १९५० च्या दशकात जर्मनीत वुल्स्टाइन आणि झोल्नर यांनी हे पडदा दुरुस्तीचं शास्त्र नीट बसवलं तेव्हा बाहेरची कातडी लावायचे, ती आत सोलायची, पाणी सुटायचं, म्हणून मग फॅशिया आली आणि ती टिकली. (त्याच्याही कितीतरी आधी, १६४० मध्ये, बान्झर नावाच्या माणसाने नळीच्या टोकाला डुकराच्या मूत्राशयाची झिल्ली ताणून ती कानात बसवली होती म्हणे. आमच्या पोरीला हे सांगितलं तर दोन दिवस जेवली नाही.)

दुसरा प्रकार म्हणजे कूर्चा, कानातलं लवचिक मऊ हाड. कानाच्या भोकासमोर जो छोटा उंचवटा असते, आवाज नको असला की आपण बोटाने दाबतो तो, ट्रॅगस, त्याच्यातला तुकडा. वरची दोनेक मिलिमीटर कड सोडून देतात म्हणून आकार बिघडत नाही. ही साधारण एक मिलिमीटर जाड असते, ती सोलून अर्धी करतात. म्हणजे मलमलच्या ऐवजी बकरम. कॉलरला बकरम काहून लावतो आपण? धुण्यात, ओढताणीत आकार जाऊ नये म्हणून. ज्याची नळी कधी उघडेल कधी नाही ह्याचा भरवसा नाही, ज्याला पुन्हा पुन्हा सर्दी होणार आहे, त्याचा पडदा आत ओढला जाऊ नये म्हणून बकरम. मी विचारलं जाड कापडातून आवाज कसा जाणार? त्या म्हणाल्या पातळ कापली तर ऐकण्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. एक तोटा त्यांनी स्वतःहून सांगितला, कूर्चा पारदर्शक नाही, पुढे आत काही वाढलं तर बाहेरून पाहून कळणं कठीण, म्हणून वर्षानुवर्षं दाखवत राहायचं. हा तोटा सांगितला तेव्हा माझा विश्वास बसला. फायदेच फायदे सांगणाऱ्या माणसाकडून मी कापड पण घेत नाही.

छोट्या छिद्राला तर अजून सोप्या गोष्टी आहेत. कानाच्या पाळीतली चरबी काढून बुचासारखी बसवतात. किंवा कूर्चेच्या गोल तुकड्याला कडेनं खाच पाडून टिचबटणासारखं छिद्रात अडकवतात, दोन्ही बाजूंनी कड धरून राहते, त्याला फुलपाखरू म्हणतात. आणि थप्पड बसून नाहीतर फटाक्याने ताजाच पडदा फाटला असेल तर बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही, कान कोरडा ठेवला की काही आठवड्यांत जुळते, कधी वरून पातळ कागद चिकटवतात, तो १८८७ पासूनचा प्रकार आहे.

आणि मग माझा प्रश्न, शीर्षकातला. ठिगळ आतून की वरून? वरून लावायचं तर पडद्याची बाहेरची कातडी पूर्ण सोलावी लागते, तिचा कण जरी खाली राहिला तर ठिगळाखाली मोत्यासारखी गाठ होते, शिवाय पुढच्या कोपऱ्यात पडदा जाड होऊन कोनच बुजतो, मग ऐकू कमी येते. मोठ्या छिद्रांना अजून करतात, पण हात फार सवयीचा पाहिजे. आतून लावायचं तर कानाच्या बाहेरच्या नळीतली कातडी पडद्यापासून पाच-सहा मिलिमीटर बाहेर चिरून, पडद्यासकट पान उलटवल्यासारखी पुढे उचलायची, आत ठिगळ सरकवायचं आणि पान परत मिटवायचं. मी पण साडीला ठिगळ आतूनच लावते.

पण सगळ्यात आधी काय करतात माहीत आहे? ते पिको झालेले काठ कापून टाकतात. छिद्र आधी मोठं करतात! रक्त आलेली ताजी कड लागते, नाहीतर ठिगळ धरतच नाही. रफू शिकवताना मी पोरींना हेच सांगते की विरलेली कड मोह न धरता काप, आणि त्या तेवढ्याच वाचवायला जातात.

आमच्या छिद्राची अडचण अशी की ते पुढे होतं. पडद्याच्या पुढच्या भागाला रक्तपुरवठा कमी, आणि आतून ठिगळ ठेवलं की पुढची कड टेकायला आधार कमी, ती सुटून आत पडते. शिवाय कानाच्या बाहेरच्या नळीचं हाड पुढच्या बाजूनं फुगीर असते म्हणून मायक्रोस्कोपमधून सरळ पाहिलं तर पुढची कड दिसतच नाही, मग कानामागून चीर देऊन, कान पुढे वळवून यावं लागते, कधी हाड घासावं पण लागते. दुर्बीण मात्र त्या वळणाच्या आत जाऊन पाहते. म्हणून मॅडमचं मत दुर्बिणीने, ट्रॅगसची कूर्चा, आतून. इथं ग्रुपवाले जिंकले असं वाटेल, पण थांबा. दुर्बीण एका हातात धरावी लागते, म्हणजे काम एकाच हाताने, आणि थोडं रक्त आलं तरी काच माखते. मायक्रोस्कोपमध्ये दोन्ही हात मोकळे. दुसऱ्या एका सर्जनने आम्हाला कानामागून, फॅशियाने, मायक्रोस्कोपखाली सांगितलं होतं आणि ते पण चूक नव्हते, त्यांचा हात त्यावर बसलेला होता. माझी पायमशीन चाळीस हजारांच्या मोटारवाल्या मशिनीपेक्षा सरळ टीप घालते कारण माझा पाय तिच्यावर वीस वर्षं आहे. मी शेवटी मॅडमना एवढंच विचारलं, तुम्ही स्वतः जास्त कशाने करता? त्यांनी सांगितलं, आम्ही हो म्हटलं. पोरीने मात्र एकाच मुद्द्यावर मत दिलं होतं, ज्यात केस कापणार नाहीत ते. डिसेंबरमध्ये गॅदरिंग होतं.

ऑपरेशनच्या दिवशीचं मला फार काही आठवत नाही. मोठ्या माणसांचं पुष्कळदा कान बधिर करून होते, ह्या वयात पूर्ण भूल. भूलवाल्या डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती लक्षात राहिली, नायट्रस ऑक्साइड नावाचा गॅस मधल्या कानाच्या पोकळीत शिरून फुगते आणि नुकतंच ठेवलेलं ठिगळ उचलून टाकू शकते, म्हणून ते तो वापरत नाहीत किंवा ठिगळाच्या आधी बंद करतात. आमचे हे बाहेर बाकड्यावर बसून दीड तास तोच गॅस बंद केला असेल का ह्याचा विचार करत होते. मी पिशवीतून बटणं काढून एका ब्लाऊजला लावत बसली. दोन तासांनी मॅडम बाहेर आल्या आणि मोबाईलवर दाखवलं. कूर्चेचा गोल, एका बाजूची झिल्ली तशीच ठेवलेली आणि ती गोलाच्या बाहेर झालरीसारखी आलेली, म्हणजे शिलाईचं मार्जिन हो! मार्जिन मागे बाहेरच्या नळीच्या भिंतीवर चढवलेलं. हातोडीच्या दांड्यासाठी कूर्चेत एक चीर, गळ्याला पट्टी लावताना देतो तशी. खाली जेलफोमचे स्पंजासारखे तुकडे भरून टेकू दिलेला, तो पुढे आपोआप विरघळतो. तिन्ही हाडं हलवून पाहिली, हलतात म्हणाल्या. मी तो फोटो मोठा करून करून पाहिला. कापणी सुंदर होती.

घरी आल्यावर खरी परीक्षा. नाक शिंकरायचं नाही, जोर लावायचा नाही, जड उचलायचं नाही, डोकं धुवायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायची, कारण तोंड बंद ठेवून शिंकलं की हवेचा दाब नळीतून थेट ठिगळावर. आम्ही तोंड उघडून शिंकायची घरभर प्रॅक्टिस केली, हे पण करायचे, सासूबाई पण. दहाव्या दिवशी सासूबाईंनी तर्रीसाठी मिरचीची फोडणी दिली आणि एका क्षणात घरातले चौघं खोकायला लागले, पोरगी हॉलमधून पळाली, बाल्कनीत गेली, मी आणि सासूबाई मागे, आणि तिनं नाक धरलं. धरू नको म्हणून मी ओरडली, तिनं हात सोडला, तोंड वासलं आणि असली शिंक दिली की खालचा कुत्रा भुंकला. तिघी जणी बाल्कनीत उभ्या, कोणी बोलेना. मग ती म्हणाली, मम्मी काही फुटलं नाही वाटते. त्या दिवशी फोन करून मॅडमना पण त्रास दिला. महिनाभर आमच्याकडे फोडणी खिडकी-दार उघडून, आणि सासूबाईंनी स्वतःहून मोहरी कमी केली, अबोला वगैरे विसरून.

दुसरी गंमत चवीची. जिभेच्या त्या बाजूला सगळं लोखंडी चमच्यासारखं लागायचं, पोहे पण, संत्र पण. जिभेला चव नेणारी एक बारीक नस, कॉर्डा टिंपनी, पडद्याच्या आतूनच जाते, पडदा उचलताना ती ताणली जाते. आम्हाला आधी सांगितलेलं होतं म्हणून घाबरलो नाही. दोन महिन्यांत गेलं. कानात पॉपकॉर्न फुटल्यासारखा आवाज यायचा तो जेलफोमचा. तिसऱ्या आठवड्यात पुढच्या कडेला थोडं ओलं दिसलं, तिथंच, जिथं भीती होती. मॅडम गप्प झाल्या आणि मला रात्रभर तो पुढचा कोपरा दिसत राहिला. थेंब दिले, दर आठवड्याला बोलावलं. सहाव्या आठवड्यात कोरडं, आणि कूर्चेवर कडेकडून गुलाबी कातडी चढत येताना स्क्रीनवर दिसली. पडद्याची कातडी रोज जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी सरकते, पण सरकते. गॅदरिंगमध्ये ती मागच्या रांगेत नाचली, उड्या सोडून.

तीन महिन्यांनी पुन्हा आवाजाची खोली. उजवा कान १८. अगदी डाव्याएवढा नाही, पण ३८ वरून १८. मी कागद फ्रिजवर लावला.

आणि परवाच रात्री साडेअकराला मी मशीनवर होती, अस्तराचे चार ब्लाऊज सकाळी द्यायचे होते. ती आतून उठून आली, केस विस्कटलेले, डोळे चोळत, डाव्या कुशीवरूनच उठली होती, गालावर उशीच्या रेघा. म्हणाली, मम्मी ही मशीन रोज इतकी वाजते? बॉबिनकडून काहीतरी खडखडून राहिलं, तेल टाक ना तिला.